युनिक्स फाइल प्रणालीतील बिघडलेल्या डिरेक्टरीची दुरुस्ती

प्रस्तावना :
वीजपुरवठा अचानक खंडित झाल्यास किंवा डिस्कचा काही भाग नादुरुस्त झाल्यास एखादी डिरेक्टरी उघडेनाशी होते. तिच्यातील सर्व फाइली नष्ट झाल्या, असा समज अशा वेळी होतो. तो बहुधा चुकीचा असतो. मात्र घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे तो खरा ठरू शकतो.

डिरेक्टरीचे स्वरूप :
युनिक्समधील डिरेक्टरी ही मूलतः एक नामसूची आहे. तिच्या प्रत्येक नोंदीत फाइलचे नाव व आयनोड क्रमांक असतो. फाइलचा आकार, मालकी आणि मजकुराचे डिस्कवरील स्थान यांची माहिती आयनोडमध्ये असते. नाव तेथे नसते. त्यामुळे नामसूची बिघडली तरी मजकूर शाबूत राहू शकतो.

तपासणीची प्रक्रिया :
लिनक्सवरील ‘एक्स्ट’ कुळातील फाइल प्रणालींसाठी ‘एफएससीके’ हा तपासणी कार्यक्रम पाच टप्प्यांत काम करतो. पहिल्यात आयनोड, दुसऱ्यात डिरेक्टरींच्या नोंदी, तिसऱ्यात डिरेक्टरींची परस्पर जोडणी, चौथ्यात प्रत्येक आयनोडकडे निर्देश करणाऱ्या नोंदींची संख्या आणि पाचव्यात मोकळ्या जागेचा हिशेब तपासला जातो. ज्या आयनोडला नावच उरलेले नाही, तो ‘लॉस्ट+फाउंड’ या डिरेक्टरीत ठेवला जातो व आयनोड क्रमांक हेच त्याचे नाव होते. मूळ फाइल कोणती, हे पुढे मजकूर पाहूनच ठरवावे लागते.

दुरुस्तीचा क्रम :
या कार्यक्रमाचे उद्दिष्ट फाइल प्रणाली सुसंगत करणे हे आहे, माहिती वाचविणे हे नव्हे. विसंगत नोंद तो पुसूनही टाकतो. म्हणून प्रथम फाइल प्रणाली अनमाउंट करावी. चालू स्थितीतील दुरुस्तीने हानी वाढते. नंतर संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्या प्रतीवर काहीही न बदलणारी तपासणी करून दोषांचे स्वरूप समजून घ्यावे आणि मगच प्रत्यक्ष दुरुस्ती त्याच प्रतीवर करावी. प्रत्येक प्रश्नास सरसकट होकार देणे धोक्याचे आहे.

समारोप :
२००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेल्या ‘एक्स्ट३’ प्रणालीतील जर्नलमुळे वीज जाण्याने होणारी विसंगती पुष्कळ घटली. तथापि सदोष डिस्क वा सदोष स्मृती यांपासून जर्नल संरक्षण देत नाही. मजकूर वाचला तरी नावे व मांडणी गेल्यास हजारो फाइली ओळखणे दुष्कर ठरते. म्हणूनच नियमितपणे स्वतंत्र ठिकाणी ठेवलेली प्रत हाच भरवशाचा उपाय ठरतो.