गाडी उंच केली, मग बंप स्टॉपचं काय करायचं?

आजचा पाठ एका माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून सुचला. दहावी झाल्यावर तो बीडमध्ये एका गॅरेजात काम शिकतोय. त्यांच्याकडे एक जुनी जीप आली होती. मालकाने ती दुसरीकडून दोन इंच उंच करून घेतली होती आणि मागे लांब शॉकअपही टाकले होते. पंधरा-वीस दिवस गाडी शेतातल्या रस्त्याने चालली आणि एका शॉकअपचं वरचं ब्रॅकेट चेसीवरून उखडून हातात आलं. मालक म्हणाला, शॉकअपच खराब निघाला. पोरगा मात्र मला विचारत होता, "सर, उंची वाढली म्हणजे जागा वाढली ना? मग शॉकअप आपटलाच कसा?"

प्रश्न साधा वाटतो, पण नववीच्या कार्य-ऊर्जेच्या धड्याशिवाय त्याचं उत्तर नीट सापडत नाही.

आधी वस्तू ओळखून घेऊ. गाडी सपाट जागी बंद करून, हँडब्रेक ओढून बाजूने खाली डोकावून बघा. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, चेसीच्या खालच्या अंगाला काळ्या रबराचा एक ठोकळा दिसेल, बहुधा टोकाकडे निमुळता. हा बंप स्टॉप. काही जण बंप रबर म्हणतात. खड्ड्यात चाक वर उचललं गेलं की पाटे वाकतात आणि ॲक्सल चेसीकडे येतो. फारच वर आला तर लोखंडावर लोखंड आदळण्याच्या आधी मध्ये हे रबर येतं.

रबरच का? कडब्याच्या गंजीवर उडी मारलेली चालते, फरशीवर नाही. दोन्हीकडे पडणाऱ्याची ऊर्जा तेवढीच असते. फरक पडतो तो थांबायला मिळणाऱ्या अंतराचा. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. समजा मोठ्या खड्ड्यात पाट्यांनी बरीचशी ऊर्जा पचवली आणि तरी ३०० ज्यूल उरली. लोखंड लोखंडावर आदळून ३ मिलिमीटरमध्ये सगळं थांबलं तर सरासरी बल होतं ३०० भागिले ०.००३, म्हणजे १,००,००० न्यूटन. हे जवळजवळ दहा टन वजनाएवढं झालं! तेच रबर दबत ३० मिलिमीटरमध्ये थांबवलं तर १०,००० न्यूटन, म्हणजे एक टन. चेसी एक टन सहन करते. दहा टनाला वेल्डिंग सुटतं.

आणखी एक गोष्ट आहे. रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे साधी स्प्रिंग जेवढी दाबाल त्या प्रमाणात बल देते. बंप स्टॉप तसा वागत नाही. तो सुरुवातीला मऊ असतो आणि दबत जाईल तसा झपाट्याने कडक होतो. म्हणून त्याला नुसता अडसर समजू नका, तो शेवटच्या टप्प्यातली दुसरी स्प्रिंगच आहे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत बारीक हवेचे बुडबुडे असलेल्या पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप असतो. तो भरीव रबरापेक्षा कितीतरी जास्त दबतो. म्हणजे एकाच उंचीचे दोन ठोकळे सारखंच काम करतील असं नाही. दुकानात नुसती पट्टी लावून ठोकळा निवडणाऱ्यांची इथेच फसगत होते.

आता जीपकडे वळू. आकडे मी सोपे घेतलेत, प्रत्येक गाडीचे वेगळे असतात. हे गणित वहीत करून बघाच.

मूळ गाडीत ॲक्सल आणि बंप स्टॉप यांच्यात ६० मिमी अंतर आहे. रबर ५० मिमीचं आहे, ते २५ मिमी दबतं. म्हणजे ॲक्सल एकूण ८५ मिमी वर येऊ शकतो. शॉकअप पूर्ण मिटला की ३४० मिमी, पूर्ण ताणला की ५६० मिमी, आणि गाडी उभी असताना ४४० मिमी. त्याला मिटायला १०० मिमी जागा आहे, पण ॲक्सल ८५ वरच थांबतो. १५ मिमी शिल्लक राहते. कंपनीने हिशोब जमवून दिलेला असतो तो असा.

आता गाडी ५० मिमी उंच केली. बंप स्टॉपपर्यंतचं अंतर झालं ११० आणि ॲक्सलची वरची एकूण चाल झाली १३५. जुनाच शॉकअप ठेवला तर तो उभ्या गाडीत ४९० वर येतो. मिटायला १५० आहेत, तिकडे चिंता नाही. पण ताणायला फक्त ७० उरले, आधी १२० होते. चाक खड्ड्यात लोंबकळलं की शॉकअप ताणून झटका खातो. म्हणून लोक लांब शॉकअप टाकतात. ते बरोबरच आहे.

पण लांब शॉकअप मिटल्यावरही लांबच असतो! समजा नवा मिटून ३७०, ताणून ६२० आहे. उभ्या गाडीत ४९०, म्हणजे मिटायला १२०. आणि ॲक्सल तर १३५ पर्यंत येणार. रबर पूर्ण दबायच्या १५ मिमी आधीच शॉकअप आतून आपटला. अख्ख्या गाडीचा मार त्या एका ब्रॅकेटवर. शॉकअपचं काम हालचाल शांत करणं, गाडी अडवणं हे त्याचं कामच नव्हे. "जागा वाढली" हे पोराचं म्हणणं खरं होतं, फक्त ती जागा ॲक्सलसाठी वाढली, शॉकअपसाठी नाही.

उपाय काय? बंप स्टॉप तेवढा खाली आणायचा. ते १५ मिमी आणि पूर्वीसारखे शिल्लक १५, मिळून ३० मिमी. चेसी आणि बंप स्टॉप यांच्यामध्ये त्या मापाचा लोखंडी स्पेसर बसवतात. नट-वॉशरची चळत रचून नव्हे, ती सरकते. लक्षात घ्या, गाडी ५० ने उंच झाली आणि बंप स्टॉप ३० नेच खाली आला. "जेवढी उंची तेवढा स्पेसर" हा नियम नाही, दर वेळी मोजावं लागतं.

उलट टोकही वाईट. बंप स्टॉप फार लांब केला तर दर गतिरोधकावर धक्का बसतो. धारूरच्या घाटात वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तेव्हा तिकडचा बंप स्टॉप लवकर टेकला तर ती बाजू एकाएकी कडक होते आणि चाकाची पकड सुटू शकते. उंच गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो, त्यात ही भर. आवाज येतो म्हणून बंप स्टॉप कापून टाकणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही, वरचं ३०० ज्यूलचं गणित दाखवतो.

मोठे टायर टाकले असतील तर पुन्हा मोजायचं. शॉकअप वाचला तरी टायर मडगार्डला घासू शकतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून, एक चाक बांधावर चढवून बघावं लागतं, कारण एकच चाक उचललं की ॲक्सल तिरका येतो. ब्रेकचा होज पाईप चाक लोंबकळताना ताणतो का, तेही त्याच वेळी बघा. तो तुटला तर ब्रेकच जातो.

गाडी उंच कशी केली यावरही बरंच अवलंबून आहे. पाट्यांच्या टोकाचं शॅकल लांब केलं तर पाट्याचं एकच टोक खाली जातं, म्हणून मध्यभागी फरक अर्धाच पडतो. ५० मिमी उंचीला शॅकल १०० मिमी लांब लागतं. आपल्याकडचे पिकअपवाले कांदा भरायचा म्हणून एक-दोन पाटे वाढवतात. तिथे स्प्रिंगच कडक होते. भरल्यावर ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत कमी वेळा जातो, पण रिकामी गाडी दगडासारखी उडते. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार होता. त्याचा बोल्ट आवळला की पुढची बाजू वर येते, फुकटात उंची मिळाल्यासारखं वाटतं. एकूण चाल मात्र तेवढीच राहते. वर जायला जितकं वाढलं तितकं खाली जायला कमी झालं. २०२० पासूनच्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहे, तिथे हा बोल्टच नाही.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलापेक्षा आणि कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. काम करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

बंप स्टॉप खरोखर किती वेळा टेकतो हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. आपल्या काळ्या रानातली चिकणमाती मळून तिचा लिंबाएवढा गोळा बंप स्टॉपच्या खालच्या टोकाला चिकटवा, घरच्या मोठ्यांना नेहमीच्या रस्त्याने गाडी फिरवून आणायला सांगा आणि मग बघा गोळा किती चेपलाय. शॉकअपचा दांडा उघडा असेल तर त्यावर एक केबल टाय घट्ट बांधा, तो जिथे सरकून थांबेल तिथपर्यंत शॉकअप मिटला होता. मात्र नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. गॅरेजात काम करणाऱ्यांनीही आधी स्टँड लावायचे.

त्या पोराने हीच माती लावून बघितली. आधी नवं ब्रॅकेट वेल्ड केलं आणि स्पेसर बसवण्यापूर्वी मालकाला समोर उभं करून गाडी फिरवली. गोळा जवळजवळ जसाच्या तसा परत आला आणि शॉकअपवरचा टाय मात्र पार टोकाला जाऊन बसला होता. मालकाने दोन्ही नीट बघितलं आणि मग विचारलं, "स्पेसर किती मिलिमीटरचा लागंल?"