सुका : एका शब्दाचा प्रवास आणि एका बेटाचे दुखणे



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, ते आम्हांला व्याकरण शिकविताना सांगत, की शब्दाचा माग काढीत गेले म्हणजे माणसाच्या घरापर्यंत पोचता येते. त्यांच्या या शिकवणुकीस स्मरून आज मी एकाच शब्दाचा माग काढणार आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. भाषेचा विद्यार्थी आहे आणि गेली बावीस वर्षे मधुमेही आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार तेवढाच.

पॅसिफिक महासागरात, फिजीच्या पूर्वेस, टोंगा नावाचे बेटांचे राज्य आहे. लोकवस्ती सुमारे एक लाख, म्हणजे आपल्या इंदूरच्या एखाद्या भागाएवढी. तेथे मधुमेहाला ‘महाकी सुका’ म्हणतात. ‘महाकी’ म्हणजे आजार आणि ‘सुका’ म्हणजे साखर. बोलण्याच्या ओघात नुसते ‘सुका’ म्हटले तरी भागते. आपणही ‘त्यांना शुगर आहे’ असेच म्हणतो. हा ‘सुका’ मूळचा आपल्याकडचा आहे. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’ झाली, युरोपीय भाषांतून फिरत इंग्रजीत ‘शुगर’ झाली आणि इंग्रजी बोलणाऱ्यांबरोबर टोंगाला जाऊन ‘सुका’ झाली. परक्या वस्तूबरोबर परका शब्द येतो. येथे त्याच शब्दाने पुढे रोगाचेही नाव धारण केले.

हा रोग तेथे कसा रुजला हे समजून घ्यावयाचे, तर तेथील लोक शरीराकडे कसे पाहतात हे आधी पाहिले पाहिजे. २ जून १९५३ रोजी लंडनमध्ये राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला. त्या मिरवणुकीत मुसळधार पावसातही टोंगाची राणी सालोते उघड्या गाडीत हसतमुखाने बसून राहिली. तिची उंच, भरदार मूर्ती जगभर कौतुकाचा विषय झाली. टोंगात भरलेला देह हे सत्तेचे, समृद्धीचे आणि आप्तांनी घेतलेल्या काळजीचे लक्षण मानले जाई. शेजारच्या फिजीत मानवशास्त्रज्ञ ॲन बेकर यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखवून दिले, की तेथे देह ही एकट्या व्यक्तीची मालमत्ता नसून घराने व गावाने दिलेल्या मायेचा तो पुरावा असतो. एखादा वाळला, तर ‘याच्याकडे कोणी पाहिले नाही’ असा बोल आप्तांना लागतो.

आपल्याला हे नवीन वाटू नये. ‘तब्येत सुधारली’ याचा मराठीत खरा अर्थ वजन वाढले असाच होतो. मूल ‘बाळसे धरते’, सून ‘अंगाने भरते’, माणूस ‘खात्यापित्या घरचा’ दिसतो. आणि कोणी रोडावला, की घरच्या बायकांना ऐकून घ्यावे लागते.

टोंगाचे मूळ अन्न मात्र दोष देण्याजोगे नव्हते. अळकुड्या, कोनफळासारखे कंद, रताळी, नीरफणस, मासळी आणि नारळ हा तेथील आहार. अळूच्या पानांत मांस किंवा मासळी घालून, नारळाच्या दुधासह पुरचुंडी बांधतात व ‘उमु’ या जमिनीतील भट्टीत तापलेल्या दगडांवर शिजवितात. तिला ‘लु’ म्हणतात. रविवारी कामधंदा बंद असतो. १८७५ च्या राज्यघटनेनेच तो वार पवित्र ठरविला आहे. चर्चमधून परतल्यावर उमु उघडावयाची आणि नात्यागोत्यातील मंडळींनी एकत्र जेवावयाचे, असा परिपाठ आहे. ‘काइंगा’ म्हणजे नातेगोते, ‘फातोंगिया’ म्हणजे कर्तव्य आणि ‘ओफा’ म्हणजे माया. या तीन शब्दांखेरीज तेथील जेवण समजत नाही. पाहुण्यापुढे, धर्मगुरूपुढे किंवा मृताच्या घरी अन्न ठेवणे हे कर्तव्य आहे आणि ते भरपूर ठेवणे ही माया आहे.

या पंगतीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरचे अन्न मोठ्या प्रमाणावर शिरले : पांढरे पीठ, साखर, डबाबंद मांस आणि ‘सिपी’. सिपी म्हणजे मेंढीच्या बरगड्यांखालचा, पोटाकडचा चरबीचा भाग. न्यूझीलंडमध्ये हलक्या प्रतीचे समजले जाणारे हे मांस बेटांवर स्वस्तात विकले जाऊ लागले. फिजीने २००० साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. त्याच सुमारास, १९९८ ते २००० या काळात, टोंगात झालेल्या पाहणीत पंधरा वर्षांवरील लोकांत मधुमेहाचे प्रमाण शेकडा १५ च्या आसपास आढळले. १९७३ च्या पाहणीत ते साडेसात होते. एका पिढीत रोग दुप्पट झाला. त्याहून चिंतेची गोष्ट ही, की रोग्यांपैकी बहुसंख्यांना आपल्याला मधुमेह आहे हे तपासणीपूर्वी ठाऊकच नव्हते.

तेव्हा ‘लोक अडाणी आहेत, त्यांना शिकवा’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेला टोंगाविषयीचा एक अभ्यास वेगळेच सांगतो. कोणते अन्न पौष्टिक आणि कोणते अपायकारक, हे लोकांना चांगले ठाऊक होते. आवडीच्या बाबतीतही मासळी मागे नव्हती. तरीही ताटात सिपी येई, कारण ती स्वस्त होती आणि सहज मिळे. मित्रहो, माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे. ज्ञान होते, पण ज्ञान एकट्याच्या डोक्यात असते आणि ताट सर्वांचे असते. ‘तुम्ही कमी खा’ हा सल्ला एकवचनी आहे, आणि जेवण ही अनेकवचनी क्रिया आहे.

दुसरी अडचण रोगाच्या स्वभावातच आहे. टोंगात ‘टोंगन आजार’ आणि ‘गोऱ्यांचा आजार’ असा भेद रूढ आहे. पहिल्यासाठी पाल्याचे औषध देणारा वैदू आणि दुसऱ्यासाठी इस्पितळ. दोन्हींकडे अपेक्षा एकच, की औषध घ्यावे आणि बरे व्हावे. जो आजार दुखत नाही, बरा होत नाही आणि आयुष्यभर सोबत राहतो, त्याला या विभागणीत जागाच नव्हती. बरे वाटले, की गोळ्या थांबतात. पायाला जखम होते, ती चिघळते, तेव्हा कोठे रोग ‘खरा’ वाटू लागतो.

मग कशाने फरक पडला? जेव्हा पंगतीचा यजमानच बदलला, तेव्हा थोडा पडला. सालोतेचा पुत्र, राजा चौथा तुपोऊ, १९६५ मध्ये गादीवर आला. १९७६ च्या सुमारास त्याचे वजन २०० किलोंहून अधिक होते. १९९० नंतरच्या दशकात त्याने स्वतः व्यायाम आरंभिला, वजन पुष्कळ उतरविले आणि प्रजेसाठी वजन उतरविण्याच्या स्पर्धा भरविल्या. राजाने देह हलका केला, तेव्हा हलका देह हा दारिद्र्याचा पुरावा उरला नाही. पुढे सरकारने साखरी पेयांवर आणि २०१६ मध्ये सिपीसारख्या चरबीच्या मांसावर कर बसविला. रोग हटलेला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे; पण उपाय कोठे शोधावयाचा, ती दिशा यातून दिसते.

आता आपल्या घरात येतो. माझ्या थोरल्या बंधूंना मधुमेह होता. ते शिक्षक होते; पथ्य त्यांना तोंडपाठ होते. येथीलच एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पानावर हात आडवा धरला. ‘एवढी एक, माझ्यासाठी’ असे म्हणून जिलेबी वाढणारा मीच होतो. त्यांनी हात काढला, कारण धाकट्या भावाचे मन मोडावयाचे नव्हते. एका जिलेबीने कोणी मरत नाही; परंतु त्या वर्षात अशा पंगती किती झाल्या आणि आग्रह करणारे हात किती होते, याचा हिशेब आम्ही कोणी ठेवला नाही. पुढे त्यांच्या पायाचे बोट आणि मग पाऊल काढावे लागले. तोवर आम्ही घरचे त्यांनाच म्हणत होतो, ‘दादा, तुमच्या जिभेवर ताबा नाही.’

टोंगाविषयी वाचताना मला प्रथम हे वाक्य आठवले आणि लाज वाटली. आग्रह ही आपली माया आहे. ती टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. माया टाकून कोणताही समाज निरोगी झालेला नाही. परंतु आग्रहाने काय वाढावे, हे तरी आपल्या हाती आहे. उद्या या शाळेच्या स्नेहभोजनात कोणी पानावर हात आडवा धरला, तर त्या हाताचा मान राखणे हेही आदरातिथ्यच समजावे, एवढीच माझी विनंती आहे.