दुसरं कार्ड कशासाठी? (साठीनंतरची पत : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात जामीनकीचा विषय निघाला होता. मित्राच्या कर्जाला सही केली की ते कर्ज आपल्याही रिपोर्टात येऊन बसतं, हे आपण पाहिलं. या वेळी उलटं दुखणं घेऊ. आयुष्यभर कर्जं काढली, वेळेवर फेडली, आणि रिपोर्ट मात्र कोरा.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, माझ्या परिचयातल्या एका बाईंनी पहिल्यांदाच स्वतःचा सिबिल रिपोर्ट काढला. ३०० ते ९०० मधला कुठला तरी आकडा दिसेल म्हणून त्या उत्सुक होत्या. आकड्याच्या जागी नुसतं 'एनएच' छापलेलं. म्हणजे इतिहासच नाही. बाई चिडल्या, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. शिक्षकांच्या पतसंस्थेतून त्यांनी लेकीच्या लग्नाला, घरावर मजला चढवायला, मुलाच्या इंजिनिअरिंगला अशी कर्जं काढली होती. हप्ता पगारातूनच कापला जायचा, चुकायचा प्रश्नच नव्हता. पतसंस्थेत त्यांचा शब्द चालायचा. पण घर यजमानांच्या नावावर, गृहकर्जही एकट्या यजमानांच्याच नावावर.

गोम इथेच आहे. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी सिबिल मुंबईत २००० साली सुरू झाली. आता तिच्या जोडीला एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या आहेत. त्यांच्याकडे कुणी माहिती पाठवायची, हे २००५ च्या कायद्याने ठरवलं: बँका, सहकारी बँका, गृहकर्ज कंपन्या, वित्तसंस्था, कार्ड देणाऱ्या कंपन्या. पगारदारांच्या पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्या या यादीत बसत नाहीत. महाराष्ट्रात शिक्षक, एसटी कर्मचारी, गिरणी आणि कारखान्यांतले कामगार, पालिकेचे नोकर यांच्या किती पिढ्यांचा संसार पतसंस्थेच्या कर्जावर उभा राहिला, ते वेगळं सांगायला नको. त्या फेडीचा कागद सोसायटीच्या कपाटात आहे, बँकेच्या संगणकात नाही.

आता साठीनंतर हे सगळं कशाला हवं, असा प्रश्न येतोच. खरं सांगायचं तर पुष्कळांना नकोच आहे. पेन्शन येते, कर्ज काढायचं नाही, मुलं जवळ आहेत, तर स्कोअर नसल्याने काहीही अडत नाही. मला मात्र दोन कारणं पटतात. एक, रुग्णालयाचं डिपॉझिट. कॅशलेस मेडिक्लेम असला तरी विमा कंपनीची मंजुरी यायला वेळ लागतो आणि काउंटरवरचा माणूस तोवर थांबेलच असं नाही. दुसरं, फसवणूक. डेबिट कार्डातून चोरी झाली तर आपल्या खात्यातली पेन्शन जाते आणि आपण ती परत मागत फिरतो. क्रेडिट कार्डावर वाद असतो तो अजून न भरलेल्या बिलाचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी व्यवहार केला असेल आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर दोन्ही कार्डांवर ग्राहकाची जबाबदारी शून्य आहे. ओटीपी आपणच सांगून बसलो असलो तर मात्र हे संरक्षण धरू नका. नियम दोन्हीकडे एकच, पण निकाल लागेपर्यंत कुणाचे पैसे अडकलेत, यात फार फरक पडतो.

बाईंनी पहिलं कार्ड घेतलं ते एफडीवरचं. यातली वाट सोपी आहे. पेन्शनच्याच बँकेत एक मुदत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर लीन, म्हणजे तारणाचा हक्क, लावते आणि ठेवीच्या साधारण ८० ते ९० टक्के लिमिटचं कार्ड देते. ठेवीवर व्याज चालू राहतं. साधं कार्ड मागायला गेलं की अनेक बँकांची वयोमर्यादा आडवी येते. ठेव असली की ती अडचण बरीच सैल होते. नुसता इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं आहे खरं, पण बँकेला नाही म्हणायला दुसरं कारण सापडतंच. त्यापेक्षा ठेव बरी. साधारण सहा महिने कार्ड वापरून बिलं भरली की 'एनएच' जाऊन आकडा येतो.

रिपोर्टात त्या कार्डाखाली महिन्यांच्या चौकटींची एक पट्टी असते. ती जरूर बघा, कारण स्कोअरपेक्षा ती जास्त बोलते. प्रत्येक महिन्याच्या चौकटीत बिल किती दिवस थकलं तो आकडा. ०००, ०००, ००० अशी रांग हवी. मध्येच कुठे ०३० दिसलं तर तेवढे दिवस उशीर, आणि ते वर्षानुवर्षं तिथेच दिसत राहणार. सिबिलच्या रिपोर्टात अशा ३६ महिन्यांपर्यंतच्या चौकटी असतात. साठीनंतर पत उभी करणं म्हणजे व्यवहारात एवढंच, ही शून्यांची रांग लांबवत नेणं.

आता दुसऱ्या कार्डाकडे वळू. वर्षभर पहिलं कार्ड नीट चाललं की फोन यायला लागतात. मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, बँकेच्या शाखेतसुद्धा कुणी तरी टाय लावलेला मुलगा 'काका, लाइफटाइम फ्री आहे' म्हणत फॉर्म पुढे करतो. त्याच्यावर रागावू नका, त्याचं टार्गेट असतं. पण सहीही करू नका. एका महिन्यात चार ठिकाणी अर्ज केले तर चारही चौकश्या रिपोर्टात उमटतात आणि हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय, असा अर्थ पुढची बँक काढते. आपला रिपोर्ट आपण पाहिला तर मात्र स्कोअरला काही होत नाही.

दुसरं कार्ड घ्यावं ते पहिल्याला न जमणाऱ्या कामासाठी. असं काम सापडत नसेल तर घेऊ नये. काम सापडलं की निवड जवळजवळ आपोआप होते.

सगळ्यात खरं काम म्हणजे लिमिटचं. एफडीवरच्या कार्डाचं लिमिट लहान असतं. समजा ४०,००० आहे आणि औषधं, किराणा, विम्याचा हप्ता धरून एखाद्या महिन्यात ३०,००० चं बिल आलं. पैसे पूर्ण भरलेत, तरी रिपोर्टात ७५ टक्के लिमिट वापरलेलं दिसतं. हा वापर ३० टक्क्यांच्या आत असावा, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. दुसरं कार्ड ६०,००० चं मिळालं तर एकूण लिमिट लाख होतं, आणि तेच ३०,००० आता ३० टक्के दिसतात. यावर बिनकार्डाचाही एक उपाय आहे: बिल तयार व्हायच्या आधीच निम्मे पैसे भरून टाकायचे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे भरलेले पैसे रिपोर्टात लवकर दिसतात.

दुसरं काम नेटवर्कचं. पहिलं कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर दुसरं रुपे घ्यावं, आणि तेही वेगळ्या बँकेचं. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. म्हणजे मेडिकलवाल्याच्या क्यूआरवर मोबाइल धरला की पैसे बचत खात्यातून न जाता कार्डावर जातात. दुकानाच्या नावाने नोंदलेल्या क्यूआरवर हे चालतं. भाच्याला पाचशे रुपये पाठवायला चालत नाही. पासबुकात पन्नास-साठ रुपयांच्या ओळींची गर्दी होत नाही, ही ज्येष्ठांना आवडणारी सोय. गैरसोय हीच की चहा, भजी, रिक्षा हे सगळं उधारीवर जाऊ लागतं आणि महिनाअखेरीस बिल बघून डोळे पांढरे होतात. ज्यांच्या हाताला धरबंध नाही त्यांनी ते यूपीआयला जोडूच नये. मोठ्या बँकांना आता कार्ड देताना नेटवर्क निवडायची मुभा द्यावी लागते, सप्टेंबर २०२४ पासून. फॉर्मवर विचारलं नाही तर आपण विचारायचं.

मुलगा-सून न्यू जर्सीला आणि दर वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जाणं असेल, तर हिशेब उलटा होतो. रुपे तिकडे काही भागीदार नेटवर्कांवर चालतं, पण त्याच्या भरवशावर जाऊ नये. तिथे व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं, आणि बघायचं ते एकच: परकीय चलनाचा मार्कअप. बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्के, वर १८ टक्के जीएसटी. लाखाच्या खर्चावर ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३० रुपये नुसते चलनबदलात जातात. कमी मार्कअपची कार्डं मिळतात. आणखी एक, दुकानातल्या मशीनने 'रुपयांत की डॉलरमध्ये?' असं विचारलं तर डॉलर म्हणा. रुपये म्हटलं की त्यांचा दर लागतो, आणि तो सहसा महागच असतो.

पॉइंटांबद्दल मी फारसं लिहिणार नाही. महिना १०,००० खर्च करणाऱ्याला एक टक्का परतावा मिळाला तर वर्षाचे १,२०० रुपये. कार्डाची वार्षिक फी ९९९ आणि जीएसटी मिळून होते जवळपास १,१७९. उरले २१. अमुक एवढा खर्च केलात तर फी माफ, असं वर सांगतात, म्हणजे फी वाचवायला मिक्सर घ्यायचा. विमानतळावरच्या लाउंजचंही तेच. वर्षातून एकदा नागपूरला विमानाने जाणाऱ्याने फुकटच्या इडलीसाठी कार्ड निवडू नये. पॉइंट हा विषय भरपूर खर्च करणाऱ्या तरुणांचा आहे, त्यांना लखलाभ.

बाईंच्या मुलाने सुचवलं होतं की माझ्या कार्डावर तुला अॅड-ऑन कार्ड देतो, वेगळी कटकट कशाला. प्रेमाने दिलं तर घ्यावं, पण त्याने स्वतःचा इतिहास तयार होत नाही. बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते आणि नोंदही त्याच्याच नावावर चढते. आपल्या कार्डावर नातवाला अॅड-ऑन देणाऱ्या आजोबांनी हेच उलट बाजूने ध्यानात ठेवावं.

कार्ड हातात आलं की पहिल्याच दिवशी ऑटो डेबिटचा फॉर्म भरा. त्यात दोन चौकटी असतात: 'टोटल अमाउंट ड्यू' आणि 'मिनिमम अमाउंट ड्यू'. खूण पहिल्या चौकटीत करायची. बाईंच्या फॉर्मवर शाखेतल्या मुलीने दुसऱ्या चौकटीत आधीच पेन्सिलने टिंब करून ठेवलं होतं, 'मॅडम, यात कमी पैसे कापतात' म्हणून. कमी कापतात हे खरंच आहे. ४०,००० च्या बिलावर पाच टक्के, म्हणजे २,००० कापले जातील. उरलेल्या ३८,००० वर महिना ३.५ टक्के दराने १,३३० व्याज आणि २३९ जीएसटी. शिवाय पूर्ण बिल भरलेलं नसल्याने पुढच्या महिन्यातल्या नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. भाजी घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. वर्षाचा दर पडतो ४२ टक्के. पूर्वी ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्यामुळे दराला वरून कुणी लगाम घालेल, या आशेवर राहू नका. कार्डाने एटीएममधून रोख काढणं तर वर्ज्यच. त्याला बिनव्याजी मुदत नाही आणि फी वेगळी.

दुसरं कार्ड कपाटात ठेवूनही चालत नाही. वर्षभराहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बँक आधी कळवून बंद करू शकते. म्हणून त्याला एक बांधीव काम लावून द्यावं, मोबाइलचं बिल किंवा वर्तमानपत्राची वर्गणी. विजेच्या आणि गॅसच्या मोठ्या बिलांवर काही बँका आता अधिभार लावतात, तो आधी पाहावा. कार्ड नकोसं झालं तर सगळी बाकी भरून लेखी कळवायचं. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड द्यावा लागतो. बंद करायचं झालं तर शक्यतो नवं करा, जुनं ठेवा, कारण शून्यांची लांब रांग जुन्यावर आहे. बिल भरायला एखादा दिवस चुकला तर घाबरू नका. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच ते थकीत म्हणून कळवता येतं आणि लेट फी लागते.

घरच्यांना कार्डांची माहिती असू द्या. आपल्या पश्चात एफडीवरच्या कार्डाची बाकी बँक ठेवीतून वळती करून घेते. साध्या कार्डाची बाकी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून मागितली जाते. मुलांनी ती स्वतःच्या पगारातून भरायची नसते. वसुलीवाले फोनवर वेगळं सांगतात, म्हणून हे मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पुढच्या आठवड्यात रिपोर्टातल्या चुका आणि 'सेटल्ड' हा शेरा. चूक दाखवून दिल्यावर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते, ती कशी आणि कुणाकडे, हेही पाहू. तोवर चारही कंपन्यांकडून आपापला रिपोर्ट काढून ठेवा. २०१७ पासून प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या अॅपवर जाऊ नका. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट रिपोर्टाचा दुवा असतो. पुढचा लेख तो कागद समोर ठेवूनच वाचायचा आहे.