गादीच्या पोटात काय आहे?

कापड घेताना गिऱ्हाईक पोत पाहते, ताणून पाहते, उजेडात धरते. गादी-रजईत मात्र त्याला फक्त खोळ दिसते, आतली रुई दिसत नाही. त्यामुळे हा धंदा भरवशाचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत तो बऱ्याच अंशी आपल्या पिंजारी-मन्सुरी बिरादरीच्या हातात राहिला. आता फोमच्या तयार गाद्या तालुक्याच्या बाजारापर्यंत आल्या आहेत. जाहिरातीत आपण त्यांना गाठू शकणार नाही. आपल्या हाती दोनच गोष्टी आहेत: इथल्या हवामानाची जाण आणि इमानदारी.

तीन ऋतू, तीन गरजा

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. जाड फोममध्ये हवा खेळत नाही, अंगाची उष्णता तिथेच कोंडते. अशा दिवसांत पातळ सुती गादी आणि वर खादीची किंवा हातमागाची चादर उत्तम. अंगणात, गच्चीवर झोपणाऱ्याला सतरंजी पुरेशी होते. कोळसा खाणी आणि वीज केंद्राच्या परिसरात धूळ फार, तिथे काढून धुता येईल अशी खोळच द्यावी.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. कापूस साधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो; पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. उन्हाळ्यात घाम टिपणारा हाच गुण पावसाळ्यात गादी जड आणि कुबट करतो. म्हणून एका जाड गादीऐवजी दोन पातळ गाद्या सुचवाव्यात. उघडीप मिळताच त्या लवकर वाळतात. गादी जमिनीवर नको, खाटेवर किंवा फळ्यांवर असावी. गडचिरोलीत हिवतापाचा त्रास मोठा, तेव्हा बिछान्यासोबत मच्छरदाणीही ठेवावी. औषध लावलेली मच्छरदाणी सौम्य साबणाने, क्वचितच धुवावी आणि सावलीत वाळवावी, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगावे.

हिवाळ्यात ऊब वजनाने येत नाही, रुईत अडकलेल्या हवेने येते. दबून गोळा झालेली रजई कितीही जड असली तरी थंडी अडवत नाही. तीच रुई पुन्हा पिंजली, झडलेल्या तुटीपुरती नवी घातली, की रजई पूर्ववत होते. बसलेला फोम फेकावा लागतो; कापूस पुन्हा उभा राहतो. पिंजाऱ्याची खरी ताकद हीच. मात्र दमट हवेत रुई नीट पिंजली जात नाही, म्हणून जुनी गादी-रजई पाऊस संपल्यावर, थंडीच्या आधी मागवून घ्यावी.

जंगलातली काटेसावरही विसरू नये. तिचा कापूस हलका, पाणी न धरणारा, उशीसाठी चांगला. तो सुतासाठी निरुपयोगी म्हणून त्याची किंमत कमी समजू नये. पण तो चटकन पेट घेतो, एवढी सूचना द्यावी.

पैसा हाती येण्याचेही मोसम आहेत. तेंदूपत्त्याची मजुरी उन्हाळ्यात मिळते, धानाचे पैसे हिवाळ्याच्या सुरुवातीला. माल त्या हिशेबाने तयार ठेवावा.

आतला माल उघड करा

गिरणीचा कचरा, होजिअरीच्या कातरणी किंवा चिंध्यांची रुई नव्या कापसाच्या भावात खपवणारे बाजारात आहेत. स्वस्त रुई विकणे गुन्हा नाही, गरिबाला तीही लागते. लपवून विकणे गुन्हा आहे. मिसळ ओळखणे सोपे आहे. चिमूटभर रुई जाळावी. कापसाला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते; पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

हजरत पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस जणू आपल्याच धंद्यासाठी आहे.

तेव्हा कारागीर बांधवांनी तीन गोष्टी कराव्यात. रुई गिऱ्हाइकासमोर तोलावी. शेवटची शिवण त्याने आत पाहिल्यावरच घालावी. पावतीवर रुईची जात आणि वजन लिहावे. मोठ्या कंपनीची गादी कापून कोणी दाखवत नाही. आपण दाखवू शकतो. बरकत त्यातच आहे.