एका कुपीमागचा सरकारी पैसा

वाशीच्या एपीएमसी मार्केटजवळ अणुऊर्जा विभागाचं एक संकुल आहे. तिथून ‘ब्रिट’ ही विभागाची १९८९ मध्ये सुरू झालेली संस्था देशभरातल्या रुग्णालयांना किरणोत्सारी औषधं पाठवते. शिशाच्या जाड डबीत काचेची छोटीशी कुपी असते. लेबलावर किरणोत्सारिता किती मिलिक्युरी ते लिहिलेलं असतं आणि त्याच्याशेजारी तारखेबरोबर वेळही. औषधाच्या लेबलावर घड्याळाची वेळ कशाला, हे नीट समजून घेतलं की न्यूक्लिअर मेडिसिनच्या संशोधनाला सरकारी पैसा का लागतो आणि तो कुठे मुरतो, हे बरंचसं उलगडतं.

लुटेशियम-१७७ चं उदाहरण घेऊ. याचं अर्धायुष्य सुमारे ६.६५ दिवस, म्हणजे तेवढ्या काळात त्याची किरणोत्सारिता निम्म्यावर येते. नागपूरच्या एखाद्या रुग्णाला गुरुवारी दुपारी २०० मिलिक्युरीचा डोस द्यायचा आहे आणि कुपी सोमवारी दुपारी भरली जाते, असं समजू. तीन दिवसांत सुमारे २७ टक्के संपणार, म्हणून सोमवारी जवळपास २७४ मिलिक्युरी भरावे लागतात. विमान चुकलं, रुग्णाला ताप आला, तरी क्षय थांबत नाही. आणि लुटेशियम हे तसं सबुरीचं. स्कॅनसाठी सर्वात जास्त वापरलं जाणारं टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं, पेट स्कॅनमधलं फ्लोरिन-१८ एकशे दहा मिनिटांत. या मालाचा साठा करून ठेवताच येत नाही. आठवड्यामागून आठवडा तो नव्याने बनवावा लागतो.

लुटेशियम बनवायचं म्हणजे अणुभट्टी हवी. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ भट्टी १९८५ मध्ये प्रथम सुरू झाली. निसर्गात मिळणाऱ्या लुटेशियममध्ये कामाचं लुटेशियम-१७६ जेमतेम २.६ टक्के असतं, म्हणून त्याचं प्रमाण वाढवलेलं महागडं ऑक्साइड घ्यावं लागतं. त्याचा अगदी थोडा अंश क्वार्ट्‌झच्या नळीत सीलबंद करून, ती नळी अॅल्युमिनियमच्या डब्यात घालून भट्टीत सोडतात. दोन-तीन आठवडे न्यूट्रॉनांचा मारा झाला की डबा बाहेर काढून हॉट सेलमध्ये नेतात. शिशाच्या जाड भिंती, जाड काच, आणि भिंतीपलीकडून यांत्रिक हातांनी केलेलं काम. नळी फोडायची, ऑक्साइड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं, शुद्धता तपासायची. मग डोटाटेट नावाच्या पेप्टाइडबरोबर ते सुमारे नव्वद अंशांवर अर्धा तास तापवतात. पेप्टाइड लुटेशियमला धरून ठेवतं आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवरचे ठरावीक रिसेप्टर शोधून त्यांना जाऊन चिकटतं. उरलेलं काम किरणांचं.

लुटेशियमची निवड हीच मला या साऱ्यातली सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते. लुटेशियम-१७६ न्यूट्रॉन फार सहज शोषून घेतं, त्यामुळे जगातल्या सर्वात तीव्र भट्ट्यांची गरज पडत नाही, ‘ध्रुव’सारख्या भट्टीवर भागतं. आपल्याकडे जे आहे त्यातून जे उत्तम होईल, ते ट्रॉम्बेच्या रसायनशास्त्रज्ञांनी शोधलं. डोटाटेटची उपचारपद्धती मुख्यतः रॉटरडॅममध्ये विकसित झाली. पण अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये लुटेशियम-डोटाटेटला मान्यता दिली, त्याच्या कितीतरी आधीपासून परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांना देशी लुटेशियम दिलं जात होतं.

आता यातला पैसा कोणाचा? ‘ध्रुव’चा खर्च आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात शोधून सापडणार नाही. तो अणुऊर्जा विभागाच्या अनुदान मागणीतून संसदेत मंजूर होतो. परळचं केंद्र १९६३ पासून भाभा केंद्राचा भाग आहे. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे भट्टी, प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच खात्याच्या छताखाली. डॉक्टरला नवा रेणू हवा असेल तर तो रसायनशास्त्रज्ञाला फोन करू शकतो, मध्ये परवाना घेणारी कंपनी नाही. माणसावर वापरायच्या किरणोत्सारी औषधांची छाननी करणारी समितीही याच विभागाची. न्यूक्लिअर मेडिसिनमधली दिल्लीची ‘इन्मास’ ही संस्था तेवढी वेगळी, ती संरक्षण संशोधनाच्या डीआरडीओकडे आहे.

विद्यापीठातल्या संशोधकासाठी ‘बीआरएनएस’ हे अणुऊर्जा विभागाचं मंडळ आहे. प्रस्ताव करायचा, विभागातल्या एखाद्या शास्त्रज्ञाला सहकारी म्हणून सोबत घ्यायचं. मंजूर झालं तर रिसर्च फेलोचं विद्यावेतन, रसायनं आणि लहानमोठी उपकरणं यांचे पैसे मिळतात. बहुधा तीन वर्षांसाठी. वृत्तपत्रात ‘संशोधनासाठी निधी’ म्हणून येतो तो हाच. पण त्या निधीतून भट्टी चालत नाही, हॉट सेलची देखभाल होत नाही, आणि यांत्रिक हात सफाईने चालवणारा माणूसही तीन वर्षांत घडत नाही. खरा मोठा खर्च अशा चालू ठेवण्याच्या कामांवर होतो आणि त्यावर ‘न्यूक्लिअर मेडिसिन’ असं नाव कुठेच नसतं. शिवाय ‘ध्रुव’ मुळात औषधांसाठी बांधलेलीच नाही. सामरिक कार्यक्रम हा तिचा मोठा हेतू. औषधं त्याच प्रवासात सोबत येतात. त्यामुळे सरकार या क्षेत्रावर नेमका किती खर्च करतं, याचा एकच आकडा मांडणं कठीण जातं.

अमेरिकेतही सुरुवात सरकारी अणुप्रयोगशाळेतच झाली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस टेक्नेशियम जनरेटर तयार झाला. त्यातल्या स्तंभात मॉलिब्डेनम-९९ बसवलेलं असतं, त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं आणि रोज सकाळी सलाइन सोडून ते काढून घ्यायचं. बाजारात याला मागणी येईल असं वाटलं नाही, म्हणून पेटंट घेतलं गेलं नाही! आज जगातले बहुसंख्य न्यूक्लिअर स्कॅन त्यावर होतात. पेटसाठी लागणारी किरणोत्सारी साखर, एफडीजी, ब्रुकहेवनच्याच रसायनशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये बनवून विमानाने फिलाडेल्फियाला पाठवली आणि माणसाच्या मेंदूचे तसे पहिले स्कॅन तिथे निघाले. मागणी नसताना खर्च करायची तयारी फक्त सरकारकडे होती. पण २००६ च्या आर्थिक वर्षात अमेरिकी ऊर्जा खात्याने न्यूक्लिअर मेडिसिनच्या संशोधनाचा निधी मोठ्या प्रमाणात कापला. पुढच्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने अहवालात प्रशिक्षित रेडिओकेमिस्टांच्या टंचाईवर बोट ठेवलं. पैसा पुन्हा देता येतो, विस्कटलेला गट पुन्हा उभा करायला वर्षं जातात.

भट्ट्यांच्या बाबतीतही तेच. मे २००९ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरयू भट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद पडली, ती पंधरा महिने. मधल्या काळात नेदरलँड्समधली पेटनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबली. जगाचं मॉलिब्डेनम तेव्हा मोजक्या जुन्या सरकारी भट्ट्यांतून येत होतं. अनेक देशांत स्कॅन पुढे ढकलावे लागले.

आपल्याकडे ‘सायरस’ भट्टी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. २०१८ मध्ये ‘अप्सरा-यू’ सुरू झाली, पण ती दोन मेगावॉटची, मोठ्या प्रमाणातल्या उत्पादनाचा भार मुख्यतः ‘ध्रुव’वरच. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय आयसोटोपसाठी खासगी भागीदारीतून संशोधन अणुभट्टी उभारण्याची घोषणा केली. कल्पना चांगली आहे. फक्त औषधांसाठी चालणारी भट्टी या देशाला हवीच. पण भागीदार ठरलेल्या औषधांचे विकले जाणारे डोस मोजणार, आणि ते रास्तही आहे. एखाद्या तरुण संशोधकाला टर्बियम किंवा स्कँडियमचा चिमूटभर नमुना भट्टीत ठेवायचा असेल, ज्याला आज गिऱ्हाईक नाही, तर त्याची जागा करारात आधीच राखलेली असायला हवी, भट्टीतले ठरावीक दिवस आणि ठरावीक दर यांसकट.