दहा वर्षांत न भरलेली टाकी

“टाकीचं तं नावच घेऊ नका डाक्टरसाहेब. धा वर्स झाले, एक डाव बी उपसा लागली नाई. लय मोठी बांधली हाये.”

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत बसलेल्या एका शेतकऱ्यानं हे मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. गाव मोझरीपासून जवळच, तिवसा तालुक्यातलं. त्यांच्या घरातले तिघं दहा दिवसांच्या आत काविळीनं आजारी पडले होते: ते स्वतः, धाकटा मुलगा आणि सून. सून सात महिन्यांची गरोदर होती. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ एरवी आपली आपण बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जिवावर उठते. तिला त्याच दिवशी अमरावतीला हलवलं. तीन आठवडे घरच्यांचा जीव टांगणीला होता. सुदैवानं आई आणि बाळ दोघंही सुखरूप घरी आले.

पाणी कुठलं पिता, असं विचारल्यावर उत्तर आलं, घरामागच्या विहिरीचं. आणि टाकी? विहिरीपासून वीसेक फुटांवर. मग ते वरचं वाक्य आलं.

खरं म्हणजे दहा वर्षं उपसावी न लागलेली सेप्टिक टाकी ही काळजीची गोष्ट आहे. टाकीत मैला नाहीसा होत नाही. जड भाग तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट भाग वर सायीसारखा तरंगतो आणि मधलं पाणी दुसऱ्या टोकानं बाहेर पडतं. जिवाणू गाळाचा काही भाग पचवतात, सगळा नाही. म्हणून नेहमीच्या कुटुंबाची टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. ती भरतच नसेल तर दोनच शक्यता उरतात. एक तर तळाला किंवा भिंतीला गळती आहे, म्हणजे टाकीचं पाणी जमिनीत मुरतं आहे. नाही तर टाकी केव्हाच गाळानं भरली आहे आणि आलेला मैला जसाच्या तसा पुढे नालीत चालला आहे. या घरी पहिला प्रकार होता. गवंड्यानं तळाला काँक्रीट टाकलंच नव्हतं. “तळ मोकळा ठेवला की टाकी भरत नाई,” असं त्याचं म्हणणं. ते शब्दशः खरं होतं! विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासला, तर तो पिण्यास अयोग्य निघाला.

माझा भाचा जहाजावर नोकरीला आहे. तो सुट्टीवर आला की आमच्या गप्पा शेवटी या विषयावर येतात, घरच्यांना ते आवडत नाही. शिडाच्या छोट्या बोटीवरचा संडास हातपंपानं चालतो, असं तो सांगतो. एक नळी समुद्राचं पाणी आत घेते, दुसरी मैला टाकीत किंवा बाहेर ढकलते. लघवी आणि खाऱ्या पाण्याचा क्षार आतून जमून नळी अरुंद होत जाते. रबरी झडप झिजली की घाण उलटी येते. बोटीच्या तळाची चावी बंद करायला विसरलं तर आत पाणी शिरून बोट बुडूही शकते. म्हणून नळ्या आणि झडपा बिघडायची वाट न पाहता बदलतात. सागरी नियमांप्रमाणे मोठ्या जहाजांना प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. बोटीवरच्या माणसाला आपली घाण कुठे जाते हे माहीत असतं. आपण मात्र फरशी बसवली, रंगीत दार लावलं की झालं, असं मानतो.

वऱ्हाडातली काळी जमीन या बाबतीत विशेष अडचणीची आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. फुगलेल्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून शोषखड्डे तुंबतात. कच्चं बांधकाम तडकतं आणि त्या तड्यांतून पाणी सरळ खाली उतरतं. अशा जमिनीत शोषखड्डा घ्यायचा असेल तर त्याच्याभोवती फूटभर जाडीचा वाळू किंवा गिट्टीचा थर भरावा, आणि विहीर, बोअर किंवा हातपंपापासून तो निदान दहा ते पंधरा मीटर दूर ठेवावा.

खेड्यातल्या घराला माझ्या मते सेप्टिक टाकीपेक्षा दोन खड्ड्यांचा संडास बरा. ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीच्या ध्यासातून ‘गोपुरी संडास’ उभा केला तो याच विचाराने. मैला कुणाच्या डोक्यावरून जाऊ नये, त्याचं खत व्हावं. आमच्या मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही ग्रामगीतेत गावाच्या आरोग्यासाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. एक खड्डा वापरायचा, तो साधारण तीन वर्षांत भरतो. मग मधल्या चेंबरमधलं तोंड बदलून दुसरा सुरू करायचा आणि पहिला दोन वर्षं झाकून ठेवायचा. तेवढ्या काळात रोगजंतू मरतात. सर्वांत चिवट असतात जंताची अंडी, दोन वर्षं थांबायचं ते त्यांच्यासाठी. नंतर झाकण उघडलं तर आत चहापत्तीसारखं कोरडं, वास नसलेलं सोनखत मिळतं. पण चेंबरमधलं एक तोंड विटेनं बंद केलेलं हवं. मी पाहिलेल्या कित्येक घरी दोन्ही तोंडं उघडीच होती, त्यामुळे दोन्ही खड्डे एकदम भरले आणि लोकांनी योजनेला नावं ठेवली. ॲसिड किंवा फिनाईल भांड्यात ओतू नये. घाण पचवणारे जिवाणूच त्यानं मरतात.

सेप्टिक टाकी असेलच, तर तिच्या वाफेच्या पाइपला वर बारीक जाळी बांधा. विदर्भात हत्तीरोग आजही आहे. तो पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो आणि उघडी टाकी त्याला फार मानवते. पाचपन्नास रुपयांची जाळी किंवा जुन्या नायलॉन साडीचा तुकडासुद्धा पुरतो. डीईसीच्या गोळ्या वाटायला आशाताई दारात येतात तेव्हा त्या घ्याव्यातच, पण डास घरच्या टाकीत पोसायचे कशाला?

आणि टाकीत माणूस उतरवू नका. हे मी ओपीडीत ओरडून सांगतो, इथेही सांगतो. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘आता वास नाही, उतरायला हरकत नाही’ असं वाटतं ते याच क्षणी. पुढच्या एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्यांत एकाच कुटुंबातले दोन-तीन जण का असतात, ते यावरून कळेल. झाकण दोन तास उघडं ठेवलं, कंदील सोडून पाहिला, याने काही सिद्ध होत नाही. मिथेन असेल तर कंदिलाने स्फोटच होईल. कुणी आत पडलंच तर बाहेरूनच दोर टाका आणि अग्निशमन दलाला बोलवा. २०१३च्या कायद्यानं संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. भरपाई घेणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा.

त्या शेतकऱ्याच्या घरी पुढे काय झालं? दिवाळीनंतर मोटारपंपाची गाडी बोलावून जुनी टाकी उपसली, तिच्यात मुरूम भरून ती कायमची बंद केली. घराच्या दुसऱ्या अंगाला, विहिरीपासून पन्नास फुटांवर, दोन नवे खड्डे घेतले. विहीर उपसून तिच्यात ब्लिचिंग पावडर टाकली. तरी नवा नमुना चांगला येईपर्यंत सुनेनं सगळ्यांना उकळलेलंच पाणी पाजलं. मी गेलो तेव्हा म्हातारी आजी कुरकुरत होती, “एका संडासाले दोन खड्डे कायले पायजेत, बाप्पा?” पहिल्या खड्ड्याच्या झाकणावर मुलानं ओल्या सिमेंटमध्ये खिळ्यानं सुरू केल्याची तारीख कोरली आहे. दुसऱ्याचं झाकण अजून कोरं आहे.