घरकुल : माता-बालकांच्या आरोग्याचा पाया

घराचा हिशेब बहुधा भिंती आणि छपरापुरता मांडला जातो. त्या घरात अधिकाधिक काळ वावरणाऱ्या मातेचा व तान्ह्या मुलाचा विचार मात्र मागे पडतो. बाळंतपणाच्या काळात तर या दोघांचे सारे जग त्या एका खोलीपुरतेच असते. कोंडलेला धूर, ओलसर जमीन आणि शौचासाठी अंधार पडण्याची वाट पाहणे, या गैरसोयींची झळ प्रथम त्यांनाच पोहोचते.

१९८५-८६ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची पुनर्रचना होऊन १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) अमलात आली. घरकुलाचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झाले व त्यात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेचा समावेश करण्यात आला. प्रारंभी सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. शौचालयासाठी १२ हजार रुपये व रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी यांची जोडही देण्यात आली.

हप्ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात. पैसे अपुरे पडले की जमीन, मोरी, शौचालय ही कामे मागे राहतात. वास्तविक रांगत्या मुलाच्या दृष्टीने जमिनीचे महत्त्व मोठे आहे. मेक्सिकोतील कोआहुइला राज्यात २००० साली गरिबांच्या घरांतील मातीच्या जमिनीवर सिमेंटचा थर देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या अभ्यासात लहान मुलांमधील जंत, अतिसार व रक्तक्षय यांचे प्रमाण घटल्याचे आणि मातांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे आढळले.

तितकाच महत्त्वाचा प्रश्न घर कोणाच्या नावे, हा आहे. विधवा, अविवाहित व विभक्त व्यक्तींचा अपवाद वगळता घरकुल पत्नीच्या किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावे मंजूर करावे, असा मूळ निकष आहे. मंजुरीपत्रावरील हे नाव ग्रामपंचायतीच्या नमुना क्रमांक ८ मध्येही उतरले पाहिजे. ही करआकारणीची नोंद असून मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तथापि पतीच्या निधनानंतर अथवा त्याने टाकून दिल्यास लहान मुलांसह उंबऱ्याबाहेर पडण्याची वेळ आलेल्या स्त्रीला तिचा मोठा आधार होतो.

एकत्र कुटुंबातून वेगळ्या निघालेल्या तरुण जोडप्यांपुढे मुख्य अडचण जागेची असते. अशा पात्र भूमिहीनांसाठी महाराष्ट्रात पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावे घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना राबविण्यात आली. तिची माहिती गरजूंपर्यंत पोहोचविण्यात शिक्षक व अंगणवाडी सेविका यांचे साहाय्य मोलाचे ठरते.

म्हणून पूर्ण झालेल्या घरकुलांची संख्या मोजताना ग्रामसभेने आणखी तीन गोष्टी पाहाव्यात : चुलीचा धूर बाहेर जातो काय, शौचालय वापरात आहे काय आणि घराच्या नोंदीत गृहिणीचे नाव आहे काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तरच ते घरकुल खऱ्या अर्थाने पूर्ण झाले असे म्हणता येईल.